डावा अंगठा

गेल्या गुरुवारी दुपारी साडेबारा वाजता कल्याण-शीळ रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर एका बाईने मला शंभर रुपयांना गंडवलं. निदान मी तसं म्हणालो, आणि चांगलं मोठ्याने म्हणालो. पाचशेची नोट दिली होती, दोनशेचं पेट्रोल, म्हणजे परत तीनशे. शेंबडं पोर सांगेल एवढा सोपा हिशेब. बाईने पैसे हातात दिले, मी स्कूटरवर बसल्या बसल्या मोजले, एक, दोन, तीन, आणि पाकिटात सरकवताना बघतो तर दोनच. परत बघितलं. दोनच. मागचा टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता. मी म्हणालो, "बाई, शंभर कमी दिलेत." ती तोवर पुढच्या गाडीकडे वळली होती. चाळिशीची असेल, साडीवर पंपाचा निळा शर्ट चढवलेला, कमरेला पैशांची चामडी पिशवी, छातीवर संचिता अशी पट्टी. "तीन दिल्या काका," ती म्हणाली. मी म्हणालो, दोन दिल्यात. ती म्हणाली, तीन. मग तिने मान वळवली आणि माझ्या तोंडाकडे न बघता खाली कुठेतरी बघत म्हणाली, "काका, हाताकडे लक्ष द्या तुमच्या." डोक्यावर तापलेलं हेल्मेट, खाली तापलेलं डांबर, आणि माझ्या मानेपासून कमरेपर्यंत काहीतरी थंडगार सरकत गेलं. कारण हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. असंच, याच पट्टीत, आवाज न चढवता. सत्तावीस वर्षांपूर्वी, ठाण्यात कोपरीला, एका वेगळ्याच माणसाच्या तोंडून. मी हाताकडे लक्ष दिलं. उजव्या हातात दोन नोटा होत्या.

माझं नाव मोरेश्वर दाबके. वय अडुसष्ट, राहणार डोंबिवली पूर्व, निवृत्त हेड कॅशियर. आमची सहकारी बँक आता दुसऱ्या कुठल्याशा बँकेत विरघळून गेली, तिची पाटीही कुठे दिसत नाही, पण तिच्या कोपरी शाखेत मी उभा जन्म नोटा मोजल्या. लोक मशिनवर मोजतात, मी मशिन बिघडलंय का ते मोजून सांगायचो. फोन खांद्यात धरून मोजायचो, समोरच्याशी भांडत मोजायचो, एकदा तर ताप अंगात असताना मोजलं आणि पैशाचा फरक आला नाही. मोजायची ती बोटं. मी फक्त शेवटी त्यांना आकडा विचारायचो. म्हणूनच मी अजून रोख देतो. डोंबिवलीत कोथिंबीर विकणारी गंगुबाईसुद्धा टोपलीला स्कॅनर टांगून बसते आणि मी नोट पुढे केली की कपाळाला आठ्या घालते, घालू दे. पैसा हाताला लागला नाही तर तो आला की गेला हे माणसाला कळणार कसं? शीला, माझी बायको, म्हणते, "तुमचं आणि तुमच्या नोटांचं एक दिवस काहीतरी होणार आहे." पस्तीस वर्षं म्हणते आहे, त्यामुळे मी तिकडे लक्ष देत नव्हतो.

तर पंपावर मी तमाशा केला. केला म्हणजे मला करायचाच होता असं नाही, पण त्या वाक्याने मी इतका बिथरलो होतो की आवाज आपोआप चढला. मॅनेजर बाहेर आला, तिशीचा, कानात फोनचं बोंडुक. "क्या हुआ काका?" मी शुद्ध मराठीत त्याला सांगितलं की मी बत्तीस वर्षं बँकेत कॅशियर होतो, आणि माझी बोटं चुकत नाहीत. बाई म्हणाली, "साहेब, मी तीन दिल्या. लेकराची शप्पथ." मॅनेजर म्हणाला, "संचिताबाई, कस्टमरसमोर वाद नको. मागच्या महिन्यात पण एक कम्प्लेंट होती तुमची." त्याने तिच्या पिशवीत स्वतःच हात घातला, शंभराची नोट काढली आणि माझ्या हातात दिली. ती उभी राहिली. आपल्या कमरेच्या पिशवीत दुसऱ्याचा हात जाताना माणूस जसा जरा मागे झुकतो तशी झुकून. पाच स्कूटरवाले बघत होते. त्यातला एक म्हणाला, "बरं केलंत काका, हे लोक असेच." मी त्याला मान डोलावली. हे लोक म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही.

घरी येईपर्यंत मी खूष असायला हवं होतं. पाकिटात तीन नोटा होत्या, हक्काच्या. पण पलावाच्या सिग्नलला थांबलो असताना एक साधी गोष्ट ध्यानात आली आणि मागच्यांनी हॉर्न मारमारून कान किटवले तरी मला पाय उचलवेना. बोटांनी तीन मोजल्या होत्या. मी त्यांना आकडा विचारला होता आणि त्यांनी तीन सांगितला होता, लख्ख. बाईने दोन दिल्या असतील तर बोटं खोटं बोलली. बोटं खरं बोलली असतील तर बाई खोटी नाही. आणि मी तिथे उभा राहून बोटांच्या जिवावर बाईला चोर ठरवून आलो होतो, जेव्हा बोटं तर बाईच्या बाजूने साक्ष देत होती. तीन आल्या, दोन उरल्या. मधली एक गेली कुठे? हवेत? नोट काही पक्षी नव्हे. ऊन डोक्यात गेलं असेल असं म्हणून मी घरी आलो, जेवलो, आमटीत मीठ कमी आहे म्हणून शीलावर डाफरलो आणि आडवा झालो. झोप आली नाही. पंखा फिरत होता आणि मला कोपरीची शाखा दिसत होती.

राजरत्न आमचा शिपाई. म्हणजे नुसता शिपाई नव्हे, कॅशचा शिपाई. तिजोरीतून ट्रे आणायचा, गड्ड्यांना सुतळी बांधायची, माझ्या डाव्या खांद्यामागे स्टुलावर बसायचं. उंच, कमी बोलणारा, वहीच्या पाठच्या पानावर इंग्रजी शब्द लिहून पाठ करणारा, कारण त्याला क्लार्कची परीक्षा द्यायची होती. डिसेंबरात परीक्षा होती. सत्त्याण्णव सालच्या दसऱ्याला आमच्याकडे नवीन काउंटर आला, सनमायकाचा, गुळगुळीत, आणि त्यानंतर दिवाळीपर्यंत माझी कॅश तीनदा कमी आली. शंभर, मग परत शंभर, मग पाचशे. कमी आली की कॅशियरने खिशातून भरायची, हा नियम. दोनदा मी मुकाट्याने भरली. माझी कॅश कमी येते हेच मला कोणाला कळू द्यायचं नव्हतं, पैशांचं काही नव्हतं. पाचशेला मात्र मी उठलो आणि मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. मी म्हणालो, माझी मोजणी बरोबर आहे, मी मोजून घेतलेत, म्हणजे मोजल्यानंतर जातात. मोजल्यानंतर तिथे कोण असतं? त्यांनी विचारलं, कोण असतं. मी नाव घेतलं. आता या वयात खोटं कशाला बोलू, ते नाव ऐकल्यावर केबिनमधल्या सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले. माझाही झाला असणार. संशय घ्यायला तो सोयीचा माणूस होता. कोपरीच्या चाळीतला, एकट्याच्या पगारावर पाच तोंडं, आणि वरून त्याचं नाव आणि त्याची वस्ती. कोणी काही बोललं नाही. बोलावं लागलंच नाही.

चौकशीला तिघे बसले होते. मी एक पान भरून लिहून दिलं होतं, वळणदार अक्षरात, खाली सही. माझी बोटं चुकत नाहीत हे वाक्य त्यात होतं. राजरत्नला विचारलं, तुला काही सांगायचंय? तो बराच वेळ माझ्या टेबलावरच्या हातांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "दाबकेसाहेब मोजतात तेव्हा त्यांच्या हाताकडे लक्ष द्या." अध्यक्ष कडाडले, "म्हणजे दाबक्यांनी घेतले असं म्हणायचंय तुला?" तो म्हणाला, "नाही साहेब. मी तसं म्हणत नाही. हाताकडे लक्ष द्या एवढंच म्हणतो." संपलं. आठवड्याभरात तो गेला. परीक्षेला बसायचा प्रश्नच नव्हता. आणि तो गेल्यावर माझी कॅश एकदाही कमी आली नाही, निवृत्त होईपर्यंत, एका रुपयाने नाही. याहून मोठा पुरावा कोणाला हवा होता? मला तर नकोच होता. पुढे पाच-सहा वर्षांनी नवरात्रात टेंभी नाक्याला देवीच्या गर्दीत तो दिसला. मी मुलाचा हात धरून रांगेत उभा होतो. तो समोरून आला, थांबला. मला वाटलं आता शिव्या देईल, मी तयारीत होतो. पण त्याने माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. खाली बघितलं, मुलाच्या हातातल्या माझ्या हाताकडे, आणि मुलाला काही इजा तर नाही ना अशा काळजीने बघितल्यासारखं करून पुढे गेला. मी घरी येईपर्यंत दुसऱ्या हाताने मुलाला धरलं. का, ते तेव्हा कळलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी मी कपाटातून चाळीस नोटा काढल्या आणि जेवणाच्या टेबलावर बसून मोजायला लागलो. चाळीस. उलट्या बाजूने, चाळीस. डोळे मिटून, चाळीस. शीला पलीकडे शेंगा सोलत बसली होती, ती बघत होती. "परीक्षा आहे का?" तिने विचारलं. मी म्हटलं, हो. शुक्रवारी सकाळी परत, शनिवारी परत. तीन दिवसांत शंभर वेळा तरी मोजल्या असतील, एकदाही चूक नाही. म्हणजे बोटं शाबूत होती. म्हणजे बाई खोटी. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की त्याची चव गेली. शनिवारी दुपारी डोळा लागला आणि जाग आली तेव्हा शीला पलंगाच्या कडेला बसून माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होतो. तिला माझी भीती वाटत होती. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "तुमचा हात चालतो झोपेत." कुठला हात? "डावा. सगळा हात स्वस्थ असतो, नुसता अंगठा. काहीतरी खाली ढकलल्यासारखा. ढकलतो, थांबतो, परत ढकलतो." कधीपासून? "झाले पाच-सहा महिने. मला वाटलं, सांगितलं तर चिडाल." मी चिडलो नाही. मी हात पांघरुणाखाली घेतला, म्हणजे उजव्या हाताने डाव्याला उचलून घेतला, आणि तो घेताना मला तो जरा जड वाटला, परक्या माणसाचा वाटतो तसा.

रविवारी सकाळी मी बाल्कनीतून बघतो तर शीला खाली स्कूटर पुसायला लागली होती. ती कधी पुसत नाही, पण मी तीन दिवस त्या गाडीकडे फिरकलो नव्हतो आणि शेजारची मेघना आमच्या धुळीवरून बोलली असावी. स्कूटर नवी. दिवाळीत मुलाने पुण्याहून येऊन घेऊन दिली. जुनीला पेट्रोल भरायचं तर उतरून सीट उचलावी लागायची. हिचं झाकण मागे बाहेरच आहे, बसल्या जागी काम होतं. मुलगा म्हणाला होता, बाबा, तुमच्या गुडघ्यांसाठी. हिला पुढे डाव्या हाताला, गुडघ्याच्या जरा वर, एक उघडा खण आहे, पाण्याची बाटली वगैरे ठेवायला. मी त्यात पुसायचं फडकं कोंबून ठेवलेलं. शीलाने ते फडकं ओढलं आणि खाली वाकली. मग वर आली. तिच्या तळहातावर नोटा होत्या. "अहो," ती म्हणाली, "हे काय साठवलंय तुम्ही?"

सात नोटा. दोन शंभराच्या, एक पन्नासची, दोन विसाच्या, दोन दहाच्या. मी त्या टेबलावर ओळीने लावल्या. सातही फाटक्या. कोणाला चिकटपट्टी, कोणाचा कोपरा गेलेला, एक तेलाने पारदर्शक झालेली. शंभराची एक मधोमध फाटून चिकटपट्टीने जोडलेली होती आणि तिला पेट्रोलचा वास येत होता. बाकीच्याही मी एकेक करून ओळखल्या, माणूस ओळखावा तशा, सगळ्या स्कूटरवर बसल्या बसल्या मोजलेल्या. ही पन्नासची, मानपाडा रोडच्या नारळवाल्याची. त्याला मी जानेवारीत लुच्चा म्हणालो होतो आणि तेव्हापासून नारळ दुसरीकडून आणतो. या विसाच्या डेअरीतल्या पंढरीच्या. त्याला म्हणालो होतो, म्हाताऱ्यांना लुबाडून माड्या बांधा. दहाच्या गंगुबाईच्या. आणि ही दुसरी शंभराची कोणाची हे आठवायला वेळ लागला, कारण ते आठवायचं नव्हतं. फेब्रुवारीत पाकिटात शंभर कमी भरले तेव्हा मी शीलाला विचारलं होतं, न सांगता पैसे काढायची सवय कधीपासून लागली. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. आता ती समोर बसून त्याच नोटेकडे बघत होती, आणि तिला कळलं होतं, आणि ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मी म्हणालो, मी नाही ठेवल्या. ती म्हणाली, "मग कोणी ठेवल्या?" आणि मी डाव्या अंगठ्याकडे बघितलं, आणि मला जुना काउंटर आठवला. सनमायकाच्या आधीचा, सागवानी, शाईचे डाग पडलेला. त्याला डाव्या हाताला, बसलेल्या माणसाच्या गुडघ्याच्या जरा वर, एक उघडा खण होता. मोजताना फाटकी नोट आली की थांबायचं नाही. डाव्या अंगठ्याने ती गड्डीतून खाली सरकवायची, थेट खणात. आकड्यात धरायची पण हातात ठेवायची नाही. दुपारी चारला खण उपसायचा आणि फाटक्यांची वेगळी गड्डी बांधायची. हे मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, आणि पुढे ते मी करतो हेच मी विसरलो. श्वास घेतो हे कोणाला आठवतं? मग दसऱ्याला नवा काउंटर आला. त्याला खण नव्हता. खणाच्या जागी काउंटर आणि प्लायवूडची भिंत यांच्यामध्ये दोन बोटांची एक फट होती, काळोखी, थेट जमिनीपर्यंत जाणारी. फाटक्या नोटा मी त्या दिवसांत उजव्या बाजूला दगडाखाली ठेवायचो, माझ्या समजुतीने सगळ्या. अंगठ्याची समजूत वेगळी होती. मोजता मोजता मी बोलत असेन, भांडत असेन, माझं ध्यान नसेल, तेव्हा त्याने आपलं काम केलं असणार. शंभर. शंभर. पाचशे. आणि राजरत्न गेल्यावर कॅश कमी येणं का थांबलं? कारण त्याच आठवड्यात मी स्वतः अर्ज करून डाव्या बाजूला पत्र्याचा ट्रे लावून घेतला होता. काय लिहिलं होतं अर्जात, तेही आठवलं. हाताला सवय आहे, असं लिहिलं होतं. मी लिहिलं होतं. सही माझी.

त्या फटीतल्या नोटांचं काय झालं कोण जाणे. शाखा हलली तेव्हा काउंटर मोडून विकला, सुतारांनी फळ्या उचकटल्या, मी तिथे नव्हतो. कोणाला तरी धुळीत सातशे रुपये सापडले असतील आणि त्याने त्या दिवशी देवाचे आभार मानले असतील. मी तसाच बसून राहिलो. शीलाने चहा केला, तो गार झाला, तिने परत गरम केला. मला लाज वाटत होती असं म्हणणं फार सभ्यपणाचं होईल. मला भीती वाटत होती. इतकी वर्षं तो अंगठा गप्प बसला होता, खण मिळाला नव्हता म्हणून. आणि मुलाने प्रेमाने स्कूटर आणून दिली, आणि बरोबर त्या जागी, बरोबर त्या उंचीवर त्याला आपला खण सापडला, आणि माझ्याकडून कसलीही परवानगी न घेता तो कामाला लागला. घरात मी, शीला आणि तो, असे तिघे राहत होतो. आणि माझ्या नावाने तो माणसांना चोर करत सुटला होता. हे मी असं म्हणतो खरं, पण अंगठ्याला तोंड नाही. चोर म्हणणारं तोंड माझंच होतं.

सोमवारी मी पंपावर गेलो. कॅशवर दुसरी बाई होती. मॅनेजरला विचारलं तर त्याने कोपऱ्याकडे हात केला. संचिता हवा भरायच्या मशिनपाशी प्लास्टिकच्या स्टुलावर बसली होती, कमरेला पिशवी नव्हती. "तिला कॅशवरून काढलं ना काका. त्या दिवशी तिचा हिशेब शंभर कमी आला. म्हणजे तिनेच उचलले. ते कापले, वर दोनशे दंड. महिनाअखेरपर्यंत हवा भरू दे, मग घरी." मी म्हणालो, कमी आला कारण तिने मला तीनशे दिले होते, आणि वर तुम्ही शंभर दिलेत. तो हसला. "काका, तुम्हीच बोललात ना, बोटं चुकत नाहीत?" मी म्हणालो, चुकतात. हा एक शब्द बोलायला मला पाणी मागावं लागलं. तो म्हणाला, मालकांना दाखवायला तसं लिहून द्या, नाहीतर ते मला विचारतील. मग मी त्याच्या टेबलावर बसून लिहिलं, की दिनांक अमुक रोजी या बाईंनी मला तीनशे रुपये पूर्ण दिले, त्यातली एक नोट माझ्या हातून बाजूला पडली, ती मला घरी सापडली, चूक माझी आहे. चार ओळी. सत्त्याण्णवला पान भरलं होतं. अक्षर तेच होतं, वळणदार. मॅनेजरने वाचून कागद घडी केला. "ठीक आहे. उद्यापासून परत कॅशवर घेतो. आणि जाताना हवा चेक करून घ्या काका, मागचं टायर बसलंय."

म्हणून मी स्कूटर कोपऱ्यात नेली. बाईने मला बघितलं, ओळखलं, आणि पाईप घेऊन मागच्या चाकापाशी बसली. मी स्कूटरवर बसूनच तिला सगळं सांगितलं. लिहून दिलंय म्हणालो, उद्यापासून कॅशवर याल म्हणालो. तिने मान हलवली, चाकाच्या तोंडाला पाईप लावलेलाच. मग मी म्हणालो, तुमचे कापलेले शंभर आणि दंडाचे दोनशे मी देतो, आणि पाकीट काढलं. त्यात दोन कोऱ्या शंभराच्या होत्या आणि ती चिकटपट्टीची, तिला दाखवायला मुद्दाम आणलेली. खण मी रविवारीच रिकामा केला होता, फडकंही घरी ठेवलं होतं. मी सावकाश मोजलं. मोठ्याने मोजलं, शाळेतल्या मुलासारखं. एक. दोन. तीन. आणि तिच्या हातात ठेवले.

ती पैशांकडे बघत नव्हती. खाली बघत होती. मग तिने हातातल्या नोटा मोजल्या, माझ्यापुढे धरल्या, आणि त्या दोन होत्या. दोन्ही कोऱ्या. ती उठली, पदराला हात पुसला, वाकून माझ्या गुडघ्यापाशी हात घातला आणि खणातून चिकटपट्टीची नोट काढली.

"बोललेले ना मी तुम्हाला, हाताकडे लक्ष द्या," ती म्हणाली. "तुम्ही उजवा बघितलात."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत, डावा म्हणून?"

"नोट सरकताना दिसली, कुठं गेली ते नाय दिसलं. आणि एवढ्या माणसांत, तुम्ही म्हातारं माणूस. तुम्हाला चोर कसं म्हणायचं?"

मी तिला म्हणालो होतो. मोठ्याने, त्याच माणसांत. राजरत्नही तिघांसमोर उभा होता, त्यालाही फक्त सरकताना दिसली असणार, आणि त्यालाही मला चोर म्हणायचं नव्हतं. तसं म्हणत नाही साहेब, असं तो म्हणालाही होता, आणि मी तिथे बसून ते ऐकलं होतं. माझे डोळे भरून आले आणि हेल्मेटची काच खाली केली तर आतून धुकं धरलं. संचिता नोट उन्हात धरून बघत होती. "फाटकी आहे म्हणून काढता होय," ती म्हणाली. मग जरा थांबून, घरच्या माणसाला विचारावं तसं तिने विचारलं, "आजवर कोणी सांगितलं नाय तुम्हाला?"

"सांगितलं होतं एकाने. बँकेत."

"मग?"

"त्याला काढला."

तीन नोटा तिने शर्टाच्या खिशात ठेवल्या, चाकाचं टोपण लावलं आणि पाईप गुंडाळायला लागली. कोपरीतली राजरत्नची खोली मी एकदा बघितलेली होती. ती चाळ आता असेल की तिथे टॉवर झाला असेल, आणि तो तरी असेल की नाही, यातलं मला काहीच माहीत नव्हतं. मी पंपाबाहेर आलो. घर डावीकडे होतं. मी उजवीकडे वळलो, शीळफाट्याकडे, तिथून पुढे ठाण्याला. दोन्ही हात हँडलवर होते. शीळफाटा येईपर्यंत मी तीनदा खाली बघितलं.